टाचेखालची वाटी

भवानीनगरच्या कारखान्यात केमिस्ट असलेल्या, ज्यू धर्माच्या इलियास किहीमकरांच्या मुलीचं, अवीवाचं, लग्न कॉलनीच्या मैदानावरच होतं. शेजारच्या द्वारकाबाईंनी तिला अंगाखांद्यावर खेळवलेलं. मेंदीला हिरवा चुडा भरला तेव्हा त्यांना वाटलं, हे तर आपल्यातलंच लग्न. मग कुणीतरी सांगितलं, उद्या नवरा पायाखाली काचेचा पेला फोडणार. त्यांचा जीव थाऱ्यावर राहिना. बांगडी फुटली असं तोंडानंही म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, अशा घरात त्या नांदल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चार दांड्यांवर ताणलेल्या कापडाखाली नवरा मुलगा नाथान उभा होता. अवीवा मांडवात आली तसा तो तिच्याकडे बघत गाऊ लागला. नवऱ्यानं गाऊन नवरीचं स्वागत करायचं, ही रीत द्वारकाबाईंना फार आवडली; त्यांच्या लग्नात नवऱ्यानं मान वर केली नव्हती. दोघांनी एकाच पेल्यातून मनुकांचं सरबत घेतलं, अंगठी झाली, आशीर्वाद झाले. मग नाथाननं रुमालातल्या गाठोड्यावर टाच मारली.

खण्णकन आवाज आला. आत स्टीलची वाटी होती.

मांडवात हशा पिकला. नवरीची आई रिबेकाबाई मात्र द्वारकाबाईंकडे वळल्या, कारण पेल्याचं तबक त्यांच्या हवाली होतं. त्यांच्या पदराआडून पेला डोकावत होता.

“म्या न्हाय फोडू द्यायची,” द्वारकाबाई पुटपुटल्या. “पोरीच्या संसाराला काय झालं म्हंजी?”

रिबेकाबाईंनी त्यांना जवळ घेऊन समजावलं. जेरुसलेमातलं ज्यूंचं मंदिर फार पूर्वी पाडलं गेलं. आनंदात माणूस सगळं विसरतं, म्हणून ऐन आनंदातच काच फोडून त्याची आठवण काढायची.

“म्हंजी आमी पंगतीआधी गेलेल्यांचं पान वाढतो, तसंच की.”

“तसंच, मावशी.”

“मग आधी सांगायचं न्हाय व्हय? जावयाची टाच तरी वाचली असती.”

त्यांनी स्वतःच पेला रुमालात गुंडाळून नाथानच्या पायाशी ठेवला आणि काच फुटेपर्यंत नजर हलवली नाही. ‘माझल तोव’ अशा शुभेच्छांचा गजर झाला, ढोल घुमला. गजी नाचात मुरलेल्या धनगरांच्या पोरांनी पाहुण्यांच्या बरोबरीनं नवरा-नवरीला खुर्च्यांसकट खांद्यावर उचललं. उपरण्याची दोन टोकं धरून दोघं वर झुलत होती, खाली रिंगण फिरत होतं. पोर पडली तर झेलायला म्हणून द्वारकाबाई हात पसरून खुर्चीखालून फिरत राहिल्या. आपण नाचतोय, हे त्यांना बऱ्याच वेळानं कळलं.