तांबीला वजन कळत नाही

पोहण्याच्या तलावावर तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. अंगाने चांगली जाडजूड, पण पाण्यात उतरली की मासोळी. काठावरून तिने शिट्टी फुंकली की अख्खा तलाव चिडीचूप. दोन मुली झाल्यावर तिने आणि नवऱ्याने आता पुरे असं ठरवून टाकलं होतं. त्यामुळे एका रात्री निरोध फाटला तेव्हा दोघंही उठून बसले.

सकाळी मुली शाळेत गेल्याबरोबर नवरा औषधाच्या दुकानात जाऊन आला. त्याचं स्वतःचं चष्म्याचं दुकान. माणूस सरळमार्गी आणि लाजाळू. त्याने टेबलावर, दिवस राहू नयेत म्हणून घ्यायच्या गोळीची दोन पाकिटं ठेवली.

"दोन कशाला?"

तो चष्मा पुसू लागला. त्याने कुठंतरी वाचलं होतं की अंगाने जरा... म्हणजे तिच्यासारख्या बायकांना एक गोळी पुरत नाही.

"जाड म्हण की. मला ठाऊक आहे."

तिला हसू आलं, आणि थोडं लागलंही. पण घेण्याआधी विचारलेलं बरं, म्हणून तिने सकाळचा वर्ग जोडीदारणीच्या गळ्यात टाकला आणि दवाखाना गाठला. जाताना मन घट्ट केलं होतं. कान दुखला तरी डॉक्टर तिला वजनावरून सुनावत. आज तर आयतंच निमित्त.

या डॉक्टरीणबाईंनी मात्र चपलेचं माप विचारावं तसं वजन विचारलं. मग समजावलं. ही नेहमीची गोळी जास्त वजनात कमी भरवशाची. काही डॉक्टर दुप्पट घ्यायला सांगतात, पण त्याने फायदा होतोच असं दिसलेलं नाही. दुसरी एक गोळी हिच्यापेक्षा बरी, तरी खूप वजन असलं की तिचाही जोर उणावू शकतो. सगळ्यांत खात्रीची तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी. पाच दिवसांच्या आत बसवली की झालं. तिला वजनाशी काही देणंघेणं नाही, शिवाय पुढे कित्येक वर्षं चालते.

ती भाषणाची वाट बघत राहिली. ते काही येईना.

"आणि वजन कमी करायचं?" शेवटी तिनेच विचारलं.

"त्यासाठी यायचं असेल तर या कधीही. आजचं काम वेगळं आहे."

तिने तांबी निवडली. तपासणी करून लगेच बसवली. कळ अशी आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण निभावलं. बाहेर नवरा दुकान बंद ठेवून बाकावर बसला होता, तोंड एवढंसं करून. सकाळी नीट बोलायला जमलं नाही, म्हणाला. तिने त्याचा हात धरूनच रिक्षा शोधली.

पाळी जरा रेंगाळली. तोवर नवऱ्याचं जेवणात लक्ष नव्हतं. आली त्या दिवशी तिने दुकानात फोन केला. समोर गिऱ्हाईक असल्याने तो "बरं, छान झालं" एवढंच म्हणाला, आणि सगळी अक्षरं बिनचूक वाचून झालेल्या त्या गिऱ्हाइकाला त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लावलं.