फिरत्या घरातला चिवडा

रूपालीला आयुष्यात एकच रात्र हवी होती. तिचं मागणं काही फार मोठं नव्हतं. पांढरी चादर घातलेली गादी, आतून कडी लागणारं दार, आणि सकाळी डोळे उघडल्यावर "चहा झाला का व?" असं विचारायला आसपास कोणीही नको. थोडक्यात, तिला हॉटेलात झोपायचं होतं. लग्नानंतर ती पुष्कळ फिरली, नाही असं नाही. पण जिथे जिथे गेली, तिथे तिच्या आधी गॅसची शेगडी उतरली.

वडनेरच्या पुढे, हैदराबाद रोडला 'मायानगरी' नावाचं पार्क उघडलं आणि तिला संधी दिसली. घसरगुंड्या, लाटांचा तलाव, भुताटकीची गुहा, तोंड उघडझाप करणारा सिमेंटचा डायनासोर, असा सगळा थाट. दोन दिवसांचं तिकीट काढलं तर दुसऱ्या दिवशी पोरं फुकट. फुकट म्हटल्यावर तिचे सासरे किसनराव दोन दिवसांना लगेच तयार झाले. आणि दोन दिवसांच्या मधे एक रात्र येते, ही निसर्गाची मेहेरबानी. पार्कच्या फाटकासमोरच हॉटेल राजयोग होतं. त्याच्या खोल्यांचे फोटो रूपालीने मोबाइलवर इतक्यांदा पाहिले होते की कोणत्या उशाशी दिवा आहे, हे ती झोपेत सांगू शकली असती.

तिने जेवताना विषय काढला. किसनरावांचा घास ताटात परत आला.

"हॉटेलात? कोण कोण झोपून गेलं असंल त्या गादीवर, सांग मले. वराती झोपल्या असतील. दारू पिऊन लोळले असतील. आन् त्याच्यावर मी जाऊन झोपू?"

"चादर बदलतात, मामाजी."

"चादर बदलतात व, गादी बदलतात का?"

रूपालीच्या नवऱ्याने, मुकेशने, याचं उत्तर न शोधता वरण वाढून घेतलं.

किसनरावांचा देवळीत होलसेल किराणा होता आणि किळस हा त्यांचा खानदानी दागिना होता. दुकानात त्यांचा पाण्याचा गिलास वेगळ्या खिळ्याला टांगलेला असे. गिऱ्हाइकाच्या कपाचा कान जरी आपल्या कपाला लागला तरी ते चहा मोरीत ओतत. कोणाशी हात मिळवत नसत, लांबूनच रामराम. नोटा मात्र ते अंगठ्याला थुंकी लावून मोजत. कारण ती थुंकी स्वतःची होती.

तेवढ्यात जावईबापूंचा फोन आला.

जावईबापू म्हणजे हेमराज, नाचणगावचे. त्यांनी शाळेची जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, ओटा, बेसिन आणि संडास बसवून घेतला होता आणि बाहेरून 'फिरतं घर' असं रंगवून ती भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. मागच्या काचेवर शाळेची सूचना अजून तशीच होती: 'खिडकीतून डोके बाहेर काढू नये.' "घरच्या लोकाइले भाडं कायचं? मीच घेऊन येतो गाडी," हेमराज म्हणाले. जावयाने आपण होऊन पुढे केलेली वस्तू नाकारायची, हे त्या घरात आजवर कोणी केलं नव्हतं. जावई दारात आले की किसनराव सत्तरीतही वाकून त्यांच्या पाया पडत. मग त्यांच्या गाडीत झोपायला नकार देणार कोण? हॉटेलचा विषय तिथेच मिटला. किसनरावांची मुलगी रीता मात्र "माह्यं डोकं दुखते" म्हणून यायची नाही असं कळलं. ती त्या गाडीतून एकदा जाऊन आली होती.

निघायच्या दिवशी सकाळी किसनरावांनी गाडीची पाहणी केली. ओट्याला लागूनच, एका पत्र्याच्या दाराआड, संडास होता.

"जिथं सैपाक तिथंच संडास?" त्यांनी नाकाला उपरणं लावलं. "आपल्यातलं कोणी याच्यात जाणार नाई. पार्कात जाजो नाई तर वावरात जाजो. बंद करा ते."

हेमराजचा चेहरा उतरला. तेवढ्यासाठीच ती गाडी महाग पडली होती. "अवो मामाजी, पाहून तर घ्या. एकदम नवा माल हाय." आणि त्यांनी बसायच्या भांड्याखालची, मैला साठायची पेटी ओढून बाहेर काढली. पांढरीशुभ्र, दोन बाजूंनी धरायला खाचा, वरती सरकतं झाकण.

किसनरावांनी झाकण सरकवलं. पुन्हा सरकवलं. मग उपरणं नाकावरून खाली आलं.

"रबर लावलं हाय का हो आतून?"

"हवाबंद. थेंब बाहेर येणार नाई."

"मंग हवा बी आत जात नसंल."

ज्या माणसाने उभा जन्म साखर, मुरमुरे आणि सर्दाळा यांच्यात काढला, त्याला हवाबंद डबा दिसल्यावर दुसरं काही दिसत नाही. त्यांनी पेटीवर टिचकी मारली, आत वाकून पाहिलं. "वापरला तर नाई ना कोणी?"

"कोणीच नाई. कोरा हाय," जावईबापू म्हणाले.

"मंग चिवडा याच्यात टाका."

ओट्याशी उभ्या असलेल्या रूपालीला आपण नीट ऐकलं नाही असं वाटलं. चिवडा तिने आदल्या दिवशी केला होता. खोबऱ्याचे काप, डाळं, कढीपत्ता, सगळं साग्रसंगीत. "मामाजी, डबा आणलाय मी चिवड्याचा."

"त्या डब्याचं झाकण ढिलं हाय. संध्याकाळपावतर चिवड्याचं चामडं होते."

"पण मामाजी, फिनाइलचा वास येतोय त्याला."

"नव्या प्लॅस्टिकचा वास हाय तो," हेमराज घाईने म्हणाले. आणि जावयाच्या नाकापुढे सुनेचं नाक काय चालणार? सासूबाईंनी, आनंदाबाईंनी, पेटीच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं, आणि चिवडा खळखळ करत आत गेला. रूपालीने मनाशी ठरवलं की आपल्याला आजपासून चिवडा आवडत नाही.

मग गाडी निघाली, आणि रूपालीला फिरतं घर म्हणजे काय ते कळलं. घरात निदान खोल्या असतात. इथे सगळं सगळ्यांच्या समोर होतं. किसनरावांनी बेसिनवर उभं राहून जीभ घासली. रोज सकाळी अंगणात होणारा तो आ-ऊ-खाक्रचा सोहळा तिच्या निवडलेल्या कोथिंबिरीपासून वीतभर अंतरावर पार पडला. मुकेशने मोजे काढून शेगडीच्या बाजूला वाळत टाकले. आनंदाबाईंनी पाय पसरून टाचेला मलम चोळलं आणि त्याच बोटांनी नातीला, आचलला, बर्फीचा तुकडा भरवला. हिंगणघाटच्या अलीकडे आचलला गाडी लागली. बर्फी, दूध आणि सकाळची पोळी ज्या क्रमाने आत गेली होती त्याच्या उलट क्रमाने बाहेर आली. अर्धी रूपालीच्या मांडीवर, अर्धी पलंगाच्या फटीत. ती फट पुसायला बोट जात नव्हतं आणि वास काही जात नव्हता.

"लेकरू हाय, होते," किसनराव प्रेमाने म्हणाले आणि त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

परक्याने शिवलेल्या कपाला जो माणूस विटाळ मानतो, त्याला घरच्यांची ओकारी नुसती हवामानासारखी वाटते, हे पाहून रूपालीला ओकारीपेक्षा जास्त मळमळलं.

पार्क पाहून झालं, म्हणजे पोहून झालं. लाटांच्या तलावातलं पाणी कोमट होतं आणि त्याचा रंग सांगण्यासारखा नव्हता. एका लाटेबरोबर कोणाच्या तरी जखमेची पट्टी आली आणि मुकेशच्या दंडाला चिकटली. दुपार कलली तशी सगळी मंडळी गाडीत परतली. गाडी पार्किंगमधे, जनरेटरच्या शेजारी. आत दोरी बांधली गेली. तिच्यावर तीन पिढ्यांच्या ओल्या चड्ड्या, आणि बरोबर त्यांच्याखाली कढई. थेंब कढईत पडला की तेल तडतडायचं. रूपाली भजी तळत होती. तिच्या समोरच्या खिडकीतून हॉटेल राजयोगचं दार दिसत होतं. एक बाई नुसती पर्स घेऊन आत गेली. नुसती पर्स. रूपाली तिच्याकडे बघत राहिली आणि एक घाणा जळला.

बाहेर सतरंजीवर किसनराव आणि जावईबापू बसले होते. मधे ती पेटी. किसनराव झाकण सरकवून मूठमूठ चिवडा तोंडात टाकत होते. "पाहा! सकाळी टाकला, अजून कसा कुरकुरीत हाय. माह्या दुकानात असे शंभर डबे पाहिजेत."

तेवढ्यात पलीकडच्या गाडीतून उतरलेला एक गृहस्थ फिरत्या घराकडे बघतच राहिला. मग हसत हसत पुढे आला.

"हेमराजभाऊ! ओळखलं का? मी डोमाजी, हिंगणघाटचा. तुमच्या याच गाडीनं आमी माहूरले गेलतो ना!"

"हो हो," हेमराज म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला.

"लय उपकार झाले बाप्पा तुमचे." डोमाजी सतरंजीवरच टेकला आणि किसनरावांना सांगू लागला. "आमच्या बाबाचं पोट बिघडलं ना रस्त्यात. पांढरकवड्यापासून जे बसले ते उठलेच नाई. माहूर आलं तरी तिथंच. दर्शन बी त्याइनं तिथूनच घेतलं, दार उघडं ठेवून. हॉटेलात असतो तर इज्जत गेली असती." मग त्याची नजर मधल्या पेटीवर गेली. त्याचं हसू हळूहळू मावळलं. "हे... हे तेच हाय का?"

किसनरावांचं तोंड चिवड्याने भरलेलं होतं.

खिडकीतून रूपाली पाहत होती. तिने झारा खाली ठेवला. किसनरावांचे डोळे आधी मोठे झाले, मग ओले. गालाचा फुगा तसाच राहिला. थुंकायला उजव्या हाताला मोकळी जमीन होती, पण डाव्या हाताला जावई बसले होते. जावयाने पुढे केलेल्या वस्तूवर, जावयाच्या देखत, थुंकायचं?

"धुतलं होतं ना मी," हेमराज म्हणाले. "गरम पाण्यानं. दोनदा."

किसनरावांनी गिळलं. तो घास गळ्यातून उतरताना रूपालीला खिडकीतून दिसला. एखादा बोका पोत्यातून जावा तसा.

"मंग काय झालं," ते म्हणाले. "धुतल्यावर काय ऱ्हायते." आणि जावईबापूंचा चेहरा अजून पडलेला आहे असं पाहून त्या बिचाऱ्या माणसाने आणखी एक चिमूट तोंडात टाकली.

थोड्या वेळाने ते गाडीच्या मागच्या बाजूला आले, जिथे रूपाली कढई घासत होती. चेहऱ्याचा रंग राखेसारखा. त्यांनी दोनदा चूळ भरली, तिसऱ्यांदा नुसताच आ केला.

"सूनबाई, तुझी कंबर दुखते का?"

"नाही, मामाजी."

"दुखते. सकाळपासून दुखून राह्यली. या पलंगावर तुले झोपता येणार नाई."

रूपाली कढई घासायची थांबली. "कशावर झोपता येईल?"

"समोर हाटेल हाय." हे शब्द बाहेर पडताना त्यांना चिवड्यापेक्षा जास्त त्रास झाला. "त्या गाडीत मी एक रात्र काढली ना, तर आतडे बाहेर येतील माह्ये. पण मी कसं म्हनू? जवाईबापूले काय वाटंल? तुह्यं नाव घेतलं तर चालते. सून नाजूक असते."

"म्हणजे नाव माझं खराब होणार."

"होईल थोडंसं."

"रीताताई वर्षभर सगळ्यांना सांगतील, रूपालीला हॉटेलच लागतं म्हणून."

"सांगंल ते. सांगतेच ते."

रूपालीने विचार केला. विचार असा फार नव्हताच. "दोन खोल्या. तुम्ही आणि आई एका, आम्ही दुसऱ्या. आणि ज्याची कंबर दुखते त्याला उद्या दुपारपर्यंत काही काम होत नाही. कढईसुद्धा नाही."

किसनरावांनी कढईकडे पाहिलं. मग पेटीच्या दिशेने पाहिलं आणि पटकन मान फिरवली. "नाई सांगत काम."

ते पुढे गेले आणि त्यांनी खड्या आवाजात जाहीर केलं, "काय करता जवाईबापू, आमच्या सूनबाईचे नखरे! म्हणते कंबर दुखते, हाटेलच पाहिजे. नाई तर अशी गाडी सोडून कोण जाते?" हेमराजने समजुतीने मान हलवली. "जाऊ द्या, मामाजी. बायाइले सोय कळत नाई." ते एकटेच गाडीत झोपायला राहिले.

हॉटेल राजयोगची खोली फोटोत होती तशी नव्हती. कोपऱ्यात पिंक होती, जुनी, थरावर थर चढलेली. बादलीला आतून बुळबुळीत शेवाळ. भिंतीवर उशाच्या उंचीला तेलाच्या डोक्यांचे गोल डाग. रूपालीने ते सगळं नीट, एक एक करून पाहिलं. घाण होती, चांगलीच होती. पण ती तिने पुसायची नव्हती. हे लक्षात आल्यावर ती गादीवर आडवी झाली, आणि मुकेश "उशी जरा ओली वाटून राह्यली," असं काहीतरी म्हणाला तेव्हा तिने पंखा वाढवला.

दारावर टकटक झाली. बाहेर किसनराव. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत दुकानातलं साखरेच्या पोत्यावरचं प्लॅस्टिक पांघरलेलं, सामान झाकायला आणलेलं, ते आता गादीवर अंथरायला घेतलं असावं. त्यांनी दाराला हात लावला नव्हता, चपलेने वाजवलं होतं.

"सूनबाई, जवाईबापूचा फोन आलता. आपण सोडून दिला म्हून तो चिवडा ते एकटेच संपवून राह्यले. म्हणतात, बारीक कांदा चिरून पाहिजे, वरून लिंबू. पाठवतो म्हटलं मी."

"मामाजी," रूपाली गादीवरूनच म्हणाली, "माझी कंबर."

"ते तर मीच..." किसनराव म्हणाले आणि थांबले. पलीकडच्या खोलीत आनंदाबाई आचलला कुशीत घेऊन घोरत होत्या. मुकेश आंघोळीला गेला होता, किंवा गेल्यासारखा आत होता. जावई कांद्याची वाट पाहत होते.

"विळी कुठी ठेवली व?"

"गाडीत. ओट्याच्या खाली. त्या पत्र्याच्या दाराला लागून."

किसनरावांनी प्लॅस्टिक डोक्यावरून नाकापर्यंत ओढून घेतलं आणि जिना उतरू लागले. रूपाली उठली, आतून कडी लावली, आणि परत येऊन त्या ओलसर उशीवर डोकं टेकताच झोपून गेली.