पुराच्या आधी पोहोचलेले उत्तर

मित्रांनो, मी एक जुने गणकयंत्र आहे. किती जुने? माझ्या पोटात चिप नाही, तोंडावर पडदा नाही. आहेत ते दोन हजार काचेचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे. मला एकट्याला अख्खी खोली लागते.

माझी काही भावंडे तोफगोळ्यांचे मार्ग काढायला जन्मली, काही शत्रूचे गुप्त संदेश उलगडायला. माझ्या वाट्याला नदी आली. धरणाच्या कचेरीत मला बसवले. डोंगरात पाऊस किती झाला, त्यावरून खालच्या शहरात पूर कधी आणि किती येईल, हे मी सांगायचे.

त्याआधी हे गणित बारा बायका हाताने करत. त्यांतली सर्वांत तरबेज ती गणितताई. मला पाहून ती म्हणाली, "आमच्या पोटावर पाय द्यायला आलास होय रे?" पण मला आकडे भरवायचे म्हणजे कागदी पट्टीवर भोके पाडावी लागत, आणि ते काम त्या बारा जणींशिवाय कोणाला जमणार? महिन्याभरात गणितताईला माझी तार न् तार पाठ झाली.

धरणाचे मुख्य इंजिनिअर, आमचे मोठे साहेब, मला 'शेगडी' म्हणत. खोली तापायची ना! "थंडीत बरं पडेल हे," असे म्हणून ते हसत.

तिसऱ्या वर्षी डोंगरात सलग तीन दिवस पाऊस कोसळला. हाताने गणित करायला चार दिवस लागले असते आणि नदी तर दोन दिवसांत शहर गाठणार होती. साहेबांना माझ्याकडे यावेच लागले.

सकाळी मी कामाला लागले. दुपारी माझे आकडे एकदम बिथरले. नदीची खोली शून्याहूनही कमी!

"नदी जमिनीखालून वाहतेय वाटतं," साहेब म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. गणितताई मात्र हसली नाही. पेन्सिलीच्या रबराने ती एकेका व्हॉल्व्हवर टकटक करत निघाली. चौदाशेव्या व्हॉल्व्हच्या आसपास एक लुकलुकला. तिने तो बदलला. दर तासाचे उत्तर तिने पट्टीवर उतरवून ठेवले होते, म्हणून मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही. चार वाजता उत्तर बाहेर पडले : उद्या दुपारी चार, पाणी एकतीस फूट.

साहेबांचा चेहरा उतरला. "शहरातल्या खालच्या वस्तीत आजवर पाणी शिरलेलं नाही. या डब्याच्या शब्दावर मी सहा हजार माणसं घराबाहेर काढू?"

गणितताई म्हणाली, "साहेब, गणिताच्या पहिल्या दहा पायऱ्या आम्ही हाताने करून पाहिल्यात. सगळं जुळतंय. यंत्रावर नसेल तर आमच्यावर विश्वास ठेवा."

"आणि चुकलं तर?"

"तर माणसं एक दिवस उगाच भिजतील. पण बरोबर निघालं आणि आपण गप्प बसलो तर?"

साहेबांनी फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी पाणी वस्तीत शिरले. साडेतीस फूट! घरे बुडाली, पण माणूस एकही गेला नाही. फोन ठेवून साहेब धावतच आले आणि माझ्या कपाटावर थाप मारून ओरडले, "शाब्बास रे पठ्ठ्या!" मग गणितताईकडे वळून त्यांनी हात जोडले. बारा जणींनी टाळ्यांनी खोली दणाणून सोडली. मित्रांनो, त्या दिवसानंतर मला कोणी शेगडी म्हटले नाही.

पुढे मी अकरा पूर मोजले. मग टेबलावर मावणारी यंत्रे आली. मला गोदामात टाकले. उंदरांनी तारांची वेष्टणे कुरतडली. वीस वर्षांनी मला भंगारात काढायचे ठरले, तेव्हा निवृत्त झालेली गणितताई सात मैत्रिणींना घेऊन गोदामात हजर झाली. सगळ्यांचे केस पांढरे, हातात फडकी आणि पकडी. दोन वर्षे त्या माझ्यावर राबल्या.

गेल्या महिन्यात संग्रहालयाच्या दालनात माझे दिवे ओळीने उजळत गेले. नव्या संगणकाला आणि मला नदीचे एकच गणित घातले होते. त्याने ते चुटकीसरशी सोडवले, मला पाच तास लागले. पण उत्तर तेच! बघायला जमलेल्या मुलांनी एकच जल्लोष केला.

मित्रांनो, तुमच्या हातातली यंत्रे माझीच पतवंडे आहेत. त्यांना जपा. आणि एखादे जुने यंत्र दिसले, तर टाकून देण्याआधी एवढे नक्की विचारा, "हे पूर्वी कोण चालवायचं?" ते माणूस कदाचित तुमच्याच घरात बसलेले असेल, कोणी विचारील याची वाट पाहत.