फोटोत न आलेले चेअरमन

आमच्या सोसायटीचे चेअरमन सावळीराम गांगुर्डे यांच्या खिशात कायम दोन वस्तू असतात, गच्चीची किल्ली आणि एक टॉर्च. किल्ली सगळ्यांच्या मालकीची, पण गेल्या बारा वर्षांत ती दुसऱ्या कुणाच्या हातात आम्ही पाहिलेली नाही. टॉर्च मात्र त्यांचा स्वतःचा. चौतीस वर्षं ते मनमाडला रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर तिथल्याच बाजारातून ड्युटीवर असायचा तसला टॉर्च शोधून आणला. कडं फिरवलं की पांढरा, लाल, हिरवा.

नाशिकरोडला आमच्या कुंपणापलीकडेच रूळ आहेत. रोज संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मनमाडकडची गाडी निघाली की चेअरमन असतील तिथे उभे राहतात, हात वर करतात आणि हिरवा दिवा डावीकडून उजवीकडे फिरवतात. सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ. भांडण चालू असेल तर ते थांबवून दिवा दाखवतात, आणि गाडी गेली की अर्ध्या राहिलेल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करतात. शेवटच्या डब्यातला गार्ड हे बघतो का, असं एकदा कुणीतरी विचारलं होतं.

"बघतो ना," चेअरमन म्हणाले. "न बघून जातो कुठं?"

तळमजल्यावरच्या उज्वला शेवाळे शाळेत भूगोल शिकवतात आणि अंधारायला लागलं की दिव्यांचे फोटो काढतात. माणसांचे नाही, दिव्यांचे. सिन्नर फाट्यावरची रसवंती, पावसाने ओला झालेला पेट्रोल पंप, सायखेड्याच्या रस्त्याला टोमॅटोची क्रेटं भरताना लटकवलेले बल्ब. कॅमेरा तिपाईवर लावायचा, वीस-तीस सेकंद उघडा ठेवायचा आणि आपण शेजारी हाताची घडी घालून उभं राहायचं, असा हा छंद. रस्त्यावरच्या माणसाला वाटतं, बाई रिक्षाची वाट बघतेय. सोसायटीत या छंदाबद्दल बरीच मतं आहेत. त्यातली चांगली दोन.

पण मॅडमचा खरा जीव गच्चीवर. पाण्याच्या टाकीशेजारी फरशीवर त्यांनी ऑइलपेंटचे तीन ठिपके काढून ठेवलेत. दर त्रिपुरी पौर्णिमेला तिपाईचे तीन पाय त्या तीन ठिपक्यांवर. पूर्वेला, रुळांच्या पलीकडे, मळ्यात महादेवाचं जुनं देऊळ आहे आणि त्याची दीपमाळ वर्षातून त्या एकाच संध्याकाळी पेटते. पहिल्या वर्षीच्या फोटोत काळोख होता आणि मधोमध दीपमाळ, बाकी काही नाही. मग तिथं एक गोडाऊन आलं, मग लग्नाचं लॉन, मग बारा मजल्यांच्या दोन इमारती. अकराव्या फोटोत दीपमाळ दाखवायला मॅडमना बोट ठेवावं लागतं. जागा तीच, वेळ तीच. सूर्य बुडाल्यावर आकाश निळ्या शाईसारखं होतं, ती वीसेक मिनिटं. एक वर्ष चुकलं की साखळी तुटली, आणि पुढच्या वर्षी मधे आणखी काय उभं राहील याचा भरवसा नाही.

भांडण लक्ष्मीपूजनाला लागलं. डिसेंबरात वार्षिक सभा होती आणि चेअरमनना बॅनरसाठी फोटो हवा होता. अख्खी इमारत दिव्यांनी उजळलेली, प्रत्येक गॅलरीत कुटुंब, आणि खाली गेटवर, मधोमध, चेअरमन. मॅडमनी सगळ्यांना ओरडून सांगितलं, "पंचवीस सेकंद कुणी हलायचं नाही. जो हलेल तो दिसणार नाही."

गॅलऱ्यांतली माणसं मूर्तीसारखी उभी राहिली. वॉचमन नाथा गेटशेजारी खुर्चीत झोपला होता, तो आधीपासूनच मूर्ती. कॅमेरा उघडला. आणि चेअरमनना वाटलं, एवढे लोक तयारीत उभे आहेत तर कुणीतरी तपासायला नको का? चौतीस वर्षांची सवय. ते वळले, मागेपुढे चालत एकेका गॅलरीकडे बघत गेले आणि प्रत्येकीला टॉर्चने हिरवा दिला.

फोटो ग्रुपवर आला. सगळे होते. नाथा तर इतका स्पष्ट, की छातीला टेकलेल्या हनुवटीवरचे खुंट मोजावेत. चेअरमन असायला हवे होते तिथे नुसता हिरवा गुंता. कुणीतरी खाली लिहिलं, "नाथाभाऊंना चेअरमनपदाच्या शुभेच्छा." त्याला एक्केचाळीस हसरे चेहरे आले. आमच्या ग्रुपात माणसं बेचाळीस.

चेअरमन मॅडमच्या दारात आले ते मोबाईल पुढे धरूनच.

"मला पुसलं तुम्ही."

"पुसलं नाही, काका. तुम्ही थांबलाच नाहीत."

"मी अख्खा वेळ तिथंच होतो. सगळी बिल्डिंग साक्षीला हाय."

"होतात. उभे नव्हतात."

"म्हणजे नाथा झोपा काढतो तो दिसतो, आणि मी काम करतो तो दिसत नाय. असला कसला कॅमेरा?"

"कॅमेऱ्याला काम कळत नाही. जो थांबतो तो कळतो."

"बाई, मला शिकवू नका."

"शिकवायचं कसलं. माझ्या वर्गात असली चार मुलं आहेत. मागच्या बाकावर."

हे शेवटचं वाक्य मॅडमनी गिळलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराला नवं कुलूप आणि फळ्यावर नोटीस. 'गच्चीवर विनाकारण जाण्यास मनाई आहे. छंद हे कारण धरले जाणार नाही.' त्रिपुरीला तेरा दिवस राहिले होते.

मॅडमनी लेखी अर्ज दिला. चेअरमननी तो लेखी नाकारला. मॅडमच्या दारासमोरचा पॅसेजचा दिवा गेला, तो बदलायला कुणी आलं नाही. मॅडमनी जिन्यात बॅटरी लावून चढता-उतरताना मोठ्याने म्हणायला सुरुवात केली, "अंधार फार झाला या सोसायटीत." शेवटी चेअरमनच्या मिसेस लताबाई भाजी निवडायच्या निमित्ताने येऊन बसल्या.

"त्यांना फोटोत यायचंय गं. दुसरं काय नाय. रोज कपाटाच्या आरशापुढं उभे राहतात, मी घड्याळ घेऊन बसते. काल बावीस सेकंदांवर गेले."

"मग काढते म्हणावं. किल्ली द्या म्हणावं."

निरोप वर गेला आणि उत्तर खाली आलं. फोटो त्रिपुरीलाच काढायचा. गेटवर. सहा वाजून वीस मिनिटांनी.

म्हणजे नेमकी तीच वीस मिनिटं. चेअरमनना ती कशी माहीत नसणार? अकरा वर्षं त्या वेळी गच्चीचं दार तेच उघडत होते.  दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात मॅडमनी चेअरमनना गाठलं.

"गेटवर नको. गच्चीवर काढते. मागे सगळं शहर उजळलेलं. चेअरमनला तेच शोभतं."

चेअरमननी या बोलण्याला चारी बाजूंनी हात लावून पाहिला, खोट सापडली नाही. "उघडणार मी. लावणार पण मीच."

"लावा की."

त्रिपुरीच्या संध्याकाळी सहाला दार उघडलं. लताबाई होत्या, नाथा होता, आणि दुसऱ्याच्या भांडणात कायम वेळेवर पोचणारे आम्ही तिघं-चौघं. मॅडमनी तिपाई ठिपक्यांवर लावली आणि चेअरमनना बरोबर मधोमध उभं केलं, कॅमेऱ्याकडे तोंड, शहराकडे पाठ. त्यांच्यामागे कठडा, कठड्याच्या आड खाली रूळ, आणि दूर ते देऊळ.

"अगं, देऊळ झाकलं की ह्यांनी," लताबाई म्हणाल्या.

"राहू द्या."

आम्हाला वाटलं, बाई हरली.

चेअरमन ताठ. इस्त्रीचा शर्ट, डाव्या हातात किल्ली, उजव्या हातात टॉर्च. तेवढा खाली ठेवा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि मॅडमना सुचायचं कारण नव्हतं.

"काढा."

"आकाश अजून पांढरं आहे."

मागे दीपमाळ खालून वर पेटत गेली. सव्वासहा झाले. "आता काढा."

"एक मिनिट."

"तुम्ही मुद्दाम ताटकळत ठेवताय."

"तुम्ही मला तेरा दिवस ठेवलंत. मी बोलले?"

सहा वीस. आकाश निळं झालं, बघण्यासारखं झालं, आणि मॅडम कॅमेऱ्याकडे बघतच नव्हत्या. त्या घड्याळाकडे बघत होत्या आणि मग स्टेशनकडे. सहा बावीस. निळं गडद व्हायला लागलं. अजून चार-पाच मिनिटं, मग नुसते दिवे राहिले असते आणि वर काळं. मॅडमच्या कपाळाला घाम होता. नोव्हेंबरात. सहा चोवीसला स्टेशनच्या बाजूने हॉर्न ऐकू आला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी नाथाकडे पाहिलं तर तो आधीच हसत होता.

इंजिन इमारतीखाली येऊन धडधडायला लागलं.

"आता," मॅडम म्हणाल्या. "पंचवीस सेकंद. हलू नका."

बटण दाबलं. चेअरमन एक सेकंद राहिले. दुसरा राहिले. मानेच्या शिरा टरारल्या, डोळे कॅमेऱ्यावर आणि कान मागे. तिसऱ्या सेकंदाला ते वळले. कठड्याशी गेले, हात वर केला, कडं फिरवलं आणि शेवटचा डबा जाईपर्यंत हिरवा दिवा फिरवत कठड्याच्या कडेने चालत राहिले. मग परत जागेवर येऊन उभे राहिले, तोवर कॅमेरा मिटला होता.

"गाडी होती," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. मग म्हणाले, "परत काढा."

"परत कशाचा? आकाश गेलं."

मॅडमनी पडदा दाखवला. शहर होतं, लॉन, गोडाऊन, इमारती, आणि दोन इमारतींच्या फटीत दीपमाळ, बोट ठेवलं की दिसणारी. चेअरमन नव्हते. मधून निघून उजव्या कडेपर्यंत एक हिरवी रेघ गेली होती.

"मी कुठंय?"

"ही रेघ."

चेअरमननी पडद्यावरून मान वर केली. "गाडीची वाट बघितली तुम्ही."

"हो."

"मी हलणार हे माहीत होतं."

"सोसायटीत कुणाला माहीत नाही, काका?"

लताबाई हसल्या. पहिल्यांदा त्यांनाच खाली पाठवण्यात आलं.

मॅडमना बारावा फोटो मिळाला, पण तोंडावर जिंकल्याचं काही दिसेना. त्या पडदा मोठा करून बघत होत्या. ती रेघ नेमकी दीपमाळेच्या शेंड्यावरून गेली होती. अकरा फोटो स्वच्छ, आणि बाराव्यावर चेअरमन आडवे. दुसरा काढायचा तर आकाश त्यांच्यासाठीही थांबलेलं नव्हतं.

"चला, उतरा खाली," चेअरमन किल्ली वाजवत म्हणाले. "कुलूप लावायचंय."

आठवड्याने फळ्यावर नोटीस आली. 'गच्चीवरील फोटोत चेअरमन यांचा सहभाग विनापरवानगी वापरण्यात आला आहे. सबब त्याची एक मोठी प्रत सोसायटीच्या ऑफिसात जमा करावी.' मॅडमनी केली, पण बिनफ्रेमची. फ्रेम चेअरमन स्वतः जाऊन करून आले. गच्चीचं कुलूप तसंच आहे. पुढच्या त्रिपुरीला कठड्याशी पत्रे ठोकायचा ठराव सभेत आणणार, असं ते नाथाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलतात, म्हणजे ते तळमजल्यावर पोचतं. मॅडमनी स्टेशनवरून नवं वेळापत्रक आणून ठेवलंय.

परवा ऑफिसात लिफ्ट दुरुस्तीचा माणूस आला होता. चेअरमननी त्याला फोटोपुढे उभं केलं आणि हिरव्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हा मी. सव्वासहाची गाडी, नऊ मिनिटं लेट होती."

त्या माणसाने मान डोलावली. "भारीये. काढला कोणी?"

"हाय तळमजल्याला एक बाई," चेअरमन म्हणाले. "माणसं जमत नाहीत तिला."