मागच्या डाव्या दाराचा स्विच

"गाडीत काही दोष नाही, दोष बाबांच्या डोक्यात आहे," असं सुमेध बाबांच्या देखत म्हणाला, आणि तेव्हाच मी ठरवलं की ही गाडी आता मी सोडणार नाही.

मी जागृती. वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीकडे वळायच्या आधी, माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. घरची भातशेती खाडीकाठी, पण मी चिखलात रमण्याऐवजी तारांत गुंतले. दहा वर्षं झाली आणि मला माझं काम येतं. उगाच विनय दाखवायची मला सवय नाही.

दिनानाथकाका बँकेतून निवृत्त झालेले, सुमेध त्यांचा मुलगा. गाडी काकांची, तेरा वर्षांची. दोन महिन्यांत तिची बॅटरी पाच वेळा बसली. दर वेळी सकाळी आतली बत्ती मंद जळताना सापडायची. कुठलं तरी दार नीट लागलेलं नसलं की तसं होतं, आणि संध्याकाळी गाडी लावून यायचे काका. तेव्हा सुमेधने निकाल लावून टाकला की बाबांना आता विसरायला होतं. चावी काढून घेतली, सोमवारची मेंदूच्या डॉक्टरांची तारीख घेतली आणि गाडीला गिऱ्हाईकही शोधलं.

"तुम्ही फक्त बल्ब काढून टाका," तो मला म्हणाला. "संध्याकाळी माणूस गाडी बघायला येतोय, कटकट नको."

काकांनी खिशातून एक छोटी वही काढून माझ्या हातात दिली. प्रत्येक पानावर तारीख, आणि खाली तेच: 'सायं. ७.४०. चारही दारे लावली. बत्ती विझलेली पाहिली.' सुरुवातीचं अक्षर ठसठशीत होतं, शेवटच्या पानांवर ते हललं होतं.

"लिहितो, आणि तरी सकाळी बत्ती चालूच," ते हळूच म्हणाले. "मग मलाच वाटायला लागलं, मी लिहितो ते तरी खरं असतं का?"

मी वही टेबलावर ठेवली. मला राग आला होता. बल्ब काढायला मी काही इतकी वर्षं हात काळे केले नव्हते.

चारही दारं उघडली. दाराच्या चौकटीत बोटाच्या पेराएवढी एक दांडी असते, तोच दाराचा स्विच. दार लागलं की दांडी आत दाबली जाते आणि बत्ती विझते. मी एकेक दांडी अंगठ्याने दाबून पाहिली. तीन दांड्यांवर रबराच्या टोप्या होत्या. मागच्या डाव्या दाराची दांडी मात्र बोडकी. मला उत्तर मिळालं होतं, पण मिळून उपयोग काय, ते सुमेधच्या डोळ्यांना दिसायला हवं होतं.

मी सगळी दारं दाबून लावली. बत्ती विझली.

"विझली की," सुमेध म्हणाला. "मी काय म्हणत होतो?"

"दादा, चहा घ्या. पंधरा मिनिटं बसा."

"मला वेळ नाहीये."

"पाच वेळा धक्का मारायला वेळ होता ना? मग आता पन काढा."

तो बसला. काका गाडीकडे पाठ करून बसले होते. पेला हातात तसाच, चहावर साय धरली तरी त्यांनी तो तोंडाला लावला नाही. गाडीपाशी कोणी फिरकलं नाही. अकराव्या मिनिटाला बत्ती आपली आपण लागली.

सुमेध उठून उभा राहिला. मी काकांच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, "काका, मागे बघा."

त्यांनी वळून पाहिलं. मग चष्मा काढून रुमालाने डोळे पुसले.

"दाराचं रबर दाबलं की बसतं, मग हळूहळू फुगून दाराला केसभर बाहेर ढकलतं," मी सांगितलं. "टोपी असली की दांडी तेवढी लांब होते, मग चालून जातं. ती नाही, म्हनून दांडी सुटते. काकांनी पाहिली तेव्हा बत्ती विझलेलीच होती."

स्विच एकाच स्क्रूवर असतो, पण तो ओढायची घाई करायची नाही. आधी मागच्या वायरीला दोरा बांधायचा, नाहीतर ती पत्र्याच्या आत पडते आणि माणूस दिवसभर तारेचा गळ टाकून मासा पकडावा तशी ती शोधत बसतो. मी दोरा बांधून स्विच उपसला, वायर सोडवली, तशी बत्ती विझली. नवा स्विच बसवताना पायाखालची मॅट उचलली, तर तुटकी टोपी तिथेच, वाळक्या चिखलात.

"इथे मागे कोन बसतं?"

"आम्हीच," सुमेध म्हणाला. मग आवाज खाली आला. "चिंचोटीहून आलो तेव्हा या दारातून सामानाची पेटी ओढून काढली होती. अडकली होती. झाले दोन महिने."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही अशी. पण मी तोंड आवरलं. ते बोलायचा हक्क काकांचा होता.

पुन्हा दारं लावली. या वेळी मी न सांगता सुमेध स्टुलावर बसला, चांगला अर्धा तास. बत्तीची काच काळीच राहिली. बसल्या बसल्या त्याने गिऱ्हाइकाला फोन करून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं, मग दवाखान्यात फोन करून सोमवारची तारीखही रद्द केली. उठला तेव्हा त्याने खिशातून चावी काढून बाबांपुढे धरली. "चुकलो, बाबा," एवढंच म्हणाला.

काकांनी चावी घेतली, गाडीत बसले, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला आणि गाडी सुरू केली. सुमेध शेजारी बसता बसता थांबला. त्याची नजर माझ्या टेबलावर गेली होती.

"बाबा," तो म्हणाला, "वही विसरलात."

काकांनी गिअर टाकला.

"विसरलो नाही," ते म्हणाले. "ठेवून चाललोय."