पाचवा विद्यार्थी

कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात प्राचार्य सूर्यभान सरांनी तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या सुमंतला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. सूर्यभान सर एरवी दार उघडं ठेवून बोलत, आणि त्यांचं बोलणं पार व्हरांड्यात ऐकू जाई.

त्यांनी आडपडदा ठेवला नाही. दुष्काळाने माणसांचं मोडलं तसं संस्थेचंही कंबरडं मोडलं होतं. वरून निरोप आला होता, की बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ज्या स्पेशल विषयाला पाच विद्यार्थी मिळणार नाहीत तो विषय बंद. विषय बंद झाला की शिकवणारा जादा ठरणार, आणि जादा ठरलेल्याला अकोले तालुक्यातल्या डोंगरात संस्थेचं हायस्कूल होतं तिकडे जावं लागणार. तत्त्वज्ञानाला किती जण आहेत, असं त्यांनी विचारलं.

सुमंत म्हणाला, चार पक्के आहेत. पाचवा गोरक्ष, तोही येतो म्हणालाय.

"मग त्याला धरून ठेवा," सूर्यभान सर म्हणाले. "हे दिवस फार वाईट. इथं कारखान्याच्या निवडणुकीत मतदार पळवत नाहीत एवढी पोरं पळवतात."

ते खोटं नव्हतं. सोनईच्या पुढे माळावर उभ्या राहिलेल्या त्या कॉलेजात प्रवेशाचा आठवडा आला की प्राध्यापक पोरांना चहाला बोलवत, कुणी घरी जेवायला नेत, कुणी पोराच्या मामाला गाठून ठेवत. पोराला काय हवं ते कुणी विचारत नसे. विषयाला पोरं लागत, म्हणून पोरांना विषय लावत. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

सुमंतला अकोल्याची भीती नव्हती. हायस्कूलवर शिकवण्यातही त्याला कमीपणा वाटला नसता. त्याला भीती होती ती रतनबाईंच्या घरातल्या दोन भाड्याच्या खोल्या सोडायची. सरोजिनी, त्याची बायको, संक्रांतीनंतर आजारपणात गेली होती. मांडणीवरचे डबे तिने लावले तसेच होते. मिठाची बरणी तिच्या उजव्या हाताला होती, आणि सुमंत डावखुरा असूनही ती हलवत नव्हता. रोज वाकडा हात करून मीठ घेत होता. दुसऱ्या गावी डबे तेच नेता आले असते, पण ती भिंत नेता आली नसती.

सुमंत निघता निघता सूर्यभान सरांनी दुसऱ्या कामाचीही आठवण करून दिली. मे महिन्यात नगरला एक शिबिर झालं होतं. पोरांना कोणते विषय घ्यायचे, पदवी कशी पुरी करायची, याचा सल्ला प्राध्यापकांनी कसा द्यावा, याचं शिबिर. सुट्टीत बाकीचे आपापल्या शेतावर होते. सुमंतला घरात थांबवणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यालाच पाठवलं होतं. आता तो जे शिकून आला होता ते बाकीच्यांना शिकवायचं होतं. परवा सकाळी, ग्रंथालयात.

शिबिर घ्यायला पुण्याहून लीना मॅडम आल्या होत्या. बारीक आवाजाची, पण सोडून न देणारी बाई. त्यांचा एकच हट्ट होता. आधी विचारा, मग बोला. पोरगं कुठं राहतं, सुट्टीत काय करतं, वर्षातले कोणते महिने घरी नसतं, हे कळल्याशिवाय विषयाचं नाव तोंडातून काढू नका. आणि उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं वाटलं, की तिथं तर नक्कीच पुन्हा विचारा. सुमंतने हे सगळं मन लावून ऐकलं होतं. घरी आल्यावर ते सांगायला कुणी नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि मग तो विषय त्याने मनातून काढून टाकला होता.

परवाची सकाळ उजाडली. ग्रंथालयातल्या लांब टेबलाभोवती सगळे बसले. सूर्यभान सर खिडकीपाशी. भूगोलाचे राधाकृष्ण सर पाय लांब करून, कारण त्यांच्या विषयाला दरवर्षी मुबलक पोरं येत आणि त्यांना कसली चिंता नव्हती. इतिहासाचे सहादेव सर त्यांच्या शेजारी, चेष्टा करायला तयार.

सुमंतने लीना मॅडमचं म्हणणं सांगितलं. मग म्हणाला, आता आपल्यातल्या एकाने विद्यार्थी व्हायचं आणि मी त्याला विचारतो.

"सोंग कशाला?" सहादेव सर उठले. "खराच आणतो की. बाहेर ढीगभर उभेत."

ते गेले आणि परत आले ते गोरक्षला घेऊन. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. तत्त्वज्ञानाचा पाचवा कोण, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"वा, घरचाच उमेदवार," राधाकृष्ण सर म्हणाले. दोघेतिघे हसले.

गोरक्ष टेबलाच्या टोकाला उभा राहिला. पाथर्डीकडच्या वाडीतला उंच, काळासावळा मुलगा. त्याचे आईबाप दर हंगामाला ऊस तोडायला जात आणि त्यालाही नेत. गेल्या वर्षी दुष्काळाने ऊसच नव्हता, म्हणून तो पहिलं वर्ष पूर्ण वर्गात बसू शकला होता. आईबाप खडी फोडत होते, आणि त्या वर्षी सरोजिनीने त्याला रविवारी जेवायला बोलवायला सुरुवात केली. पुढे रविवारच राहिला नाही, तो कधीही येऊ लागला. तिच्या आजारपणात पाणी तोच भरत होता.

सुमंतने त्याला बसायला सांगितलं. सुट्टीत काय केलंस, असं विचारलं.

गोरक्ष आधी अडखळत, मग सलग बोलू लागला. तो गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर होता. मोजणीवाल्या साहेबाने त्याला आकड्यांचा दांडा धरायला उभं केलं होतं. शेवटी शेवटी साहेबाने त्याला दुर्बिणीतून बघू दिलं.

"पानी कुटनं येनार आन् कुटं थांबनार, ते पानी यायच्या आधी कागदावर काढत्यात, सर," तो म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्याला मी सांगितलं तर त्याला पटंना. पन मी बगितलं ना. रोज बगितलं."

राधाकृष्ण सरांनी पाय आत घेतले. मोजणी आणि नकाशे त्यांच्याच विषयात होते.

सुमंतसाठी पुढचा प्रश्न सोपा होता. आता विषय विचारायचा, पोरगं नाव घेणार, आणि संपलं. त्याने विचारलं, "स्पेशल कोणता घेणार?"

"तत्त्वज्ञान."

खिडकीपाशी सूर्यभान सरांनी मान हलवली. झालं की, असं काहीसं ते पुटपुटले. सहादेव सरांनी टाळी वाजवल्यासारखे हात एकत्र आणले. सुमंतने फक्त गप्प बसायचं होतं. कुणी त्याला दोष दिला नसता. पोराने आपल्या तोंडाने सांगितलं होतं.

पण उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं. दोन दिवसांपूर्वी दार लोटलेल्या खोलीत त्याने स्वतःच ते सांगितलं होतं. आणि आताच तो या सगळ्यांना सांगून चुकला होता, की अशा वेळी काय करायचं.

"का?" त्याने विचारलं.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सुमंतला वाटलं, गोरक्षने दुसरंच काहीतरी कारण सांगावं. सोपा विषय आहे म्हणावं. पुस्तक घेऊन ऊसतोडीच्या कोपीत, त्या झोपडीतही वाचता येतं म्हणावं. तेही खरंच होतं.

"पाच लागत्यात म्हून. मला हापिसात आदीच कळलं," गोरक्ष म्हणाला. मग आवाज खाली गेला. "काकूंनी इतके दिस जेवाय घातलं, सर. त्यांच्या घरातनं तुमाला उठावं लागंल आन् मी नुसता बगत बसू व्हय?"

कुणी हसलं नाही. सहादेव सरांचे हात टेबलाखाली गेले.

सुमंतच्या डोळ्यांसमोर रविवारची दुपार आली, ताटात आणखी भात वाढणारी सरोजिनी आली. खाणारा नको म्हणायचा आणि ती ऐकायची नाही. तिने कधी त्याला विचारलं नव्हतं, तू कुठल्या विषयाचा. तिला ते माहीतच नव्हतं.

"तिने तुला जेवायला घातलं होतं," सुमंत म्हणाला. "माझ्या वर्गाला नाही."

तो पुढे म्हणाला, "तुला भूगोल घ्यायचाय."

उत्तर दिलं ते राधाकृष्ण सरांनी. ते चिडलेले नव्हते, पण पक्के होते. पोरगं चांगलं आहे, ते म्हणाले, पण हे त्यांना जमणार नाही. व्याख्यानांची हजेरी कॉलेज सांभाळून घेतं, ती गोष्ट वेगळी. भूगोलाचं प्रात्यक्षिक असतं. मोजणीची साखळी धरावी लागते, नकाशा हाताने काढावा लागतो, ते दुसऱ्याने करून चालत नाही. पाथर्डीचं पोरगं म्हणजे दिवाळीनंतर बेपत्ता. दोन पोरं अशीच त्यांनी घेतली होती आणि दोघांचं वर्ष गेलं होतं. याचंही जाईल. मग शिव्या कुणाला?

"आणि सुमंतराव," ते थोडं थांबून म्हणाले, "तुमचा माणूस मला देऊन तुम्ही कुठं जाणार, त्याचा विचार केलाय का?"

सुमंतने त्यांच्याकडे बघितलं नाही. खरं तर त्याच्यासाठी वाट मोकळी झाली होती. भूगोल होत नाही. मग राहिलं तत्त्वज्ञान. आता तर कुणी बोट दाखवू शकलं नसतं. पोरालाही वाटलं असतं, देवाने ठरवलं.

त्याने गोरक्षला विचारलं, "ऊस तोडायला कुठं जाता तुम्ही?"

"कारखान्याला."

"कारखाने खूप आहेत. कुठं?"

"देवळाली प्रवऱ्याला. तिकडंच आसतो आमी, मळ्यात. मुकादम ठरलेला हाय."

राधाकृष्ण सर खुर्चीत सरळ झाले. सूर्यभान सरांनी मान वळवली. देवळाली प्रवरा म्हणजे राहुरीच्या पलीकडे. राहुरीला गाडी बदलली की माणूस सकाळी निघून वर्गाला येऊन पोचतो. ऊसतोडीला गेलं पोरगं म्हणजे दूर मुलखात गेलं, असंच सगळे धरून चालले होते. त्या दोन पोरांनाही कुणी विचारलं नव्हतं. सुमंतनेही गोरक्षला कधी विचारलं नव्हतं, आणि तो तर त्याच्या घरी जेवत होता.

"आठवड्यातून एक दिवस येता येईल?" सुमंतने विचारलं.

"एस.टी. हाय की. एक दिवस आईबापाला आवरंल." मग गोरक्षने राधाकृष्ण सरांकडे बघितलं. "पन सगळी प्रात्यक्षिकं येका दिवशी लागतील का, सर?"

राधाकृष्ण सरांनी वेळापत्रक मागवलं नाही, की कुणाला काही विचारलं नाही. त्यांचं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात होतं आणि ते तिथंच मोडत होते. सुमंतला कळेना, आपण काय ऐकायची वाट बघतोय. हो की नाही.

"शनिवार," राधाकृष्ण सर शेवटी म्हणाले. "दुसरं सत्र सगळं शनिवारी लावीन. एक शनिवार चुकवलास तर नाव कापीन."

"न्हाई चुकवनार."

सहादेव सर गोरक्षला बाहेर सोडायला गेले. ते तसे कुणाला सोडायला जाणारे नव्हते. मग सूर्यभान सर उठून सुमंतजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमचे चार झाले."

"हो," सुमंत म्हणाला.

त्या वर्षी प्रवेशाच्या आठवड्यात चहापाणी थांबलं असं काही नाही. पण राधाकृष्ण सर व्हरांड्यात उभे राहून ऊसतोडीच्या पोरांना विचारताना दिसले, की बाबा रे, तुमचा कारखाना कोणता. सूर्यभान सरांनी संस्थेला सुमंतसाठी शब्द टाकला. संस्थेने चार मोजले. जुलैत बदलीचा हुकूम आला.

निघायच्या आदल्या रविवारी गोरक्ष सामान बांधायला आला. त्याने राधाकृष्ण सरांकडून मोजपट्टी मागून आणली होती. सराव करतो म्हणाला. सुमंत डबे पोत्यात भरत होता तोवर हा पोरगा दोन्ही खोल्या मोजत फिरला, उंबऱ्यावर वाकला, मांडणीच्या भिंतीपाशी बराच वेळ थांबला. संध्याकाळी त्याने घडी घातलेला कागद सुमंतला दिला.

घराचा नकाशा होता. रेघा अजून थरथरत्या होत्या, पण मापं बरोबर होती. चूल, खिडकी, मांडणीची भिंत, तिच्यावर बरणीची जागासुद्धा. स्वयंपाकघराच्या दाराशी एक लहान गोल काढला होता. त्याला नाव दिलेलं नव्हतं. सुमंतला वाटलं, पाण्याचा माठ असणार. तसं म्हणायला त्याने तोंडही उघडलं. मग त्याने विचारलं, "हे काय आहे?"

"तितं काकू मला बसवायच्या," गोरक्ष म्हणाला. "वाढायला जवळ पडतं म्हून."

सुमंतने नकाशा पुन्हा घडी घालून मिठाच्या रिकाम्या केलेल्या बरणीत ठेवला, आणि झाकण लावलं.