गरम मुशीचं वजन

माझी नोकरी बिस्किटं जाळण्याची आहे. घरी पाहुणे आले की आई सांगते, मुलगी अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे, आणि तेही खरंच आहे. पण नेमकं काम सांगायचं तर बिस्किटं, पीठ, दुधाची पावडर, जे येईल ते चिनी मातीच्या छोट्या मुशीत घालायचं, भट्टीत त्याची पांढरी राख होऊ द्यायची आणि ती राख तोलायची. पिठाची राख जास्त भरली तर त्यात माती मिसळली आहे असं धरतात.

भट्टीतून काढलेली मूस लगेच तोलायची नसते. गरम वस्तूभोवतीची हवा तापून वर जाते, पारडं किंचित उचलून धरते आणि वजन कमी भरतं. फरक अगदी थोडा असतो, पण आमचा पगार अगदी थोड्याचाच आहे. म्हणून मूस झाकणाच्या काचभांड्यात ठेवून गार होईपर्यंत थांबतात. तेवढ्या वेळात करण्यासारखं काही नसतं, त्यामुळे आमच्या विभागात सगळे वाचतात.

सगळे म्हणजे तिघं. विभागप्रमुख बाई, तराजूची खोली सांभाळणारा दशांश आणि मी. दशांशला हे नाव कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही; चहात साखर किती घालू, असं विचारल्यावरही तो आधी चमच्याचं माप विचारतो.

डबे उघडले की बाई विचारतात, "कुठवर?" मग प्रत्येकाने आपलं चालू पुस्तक कुठवर आलं ते सांगायचं. आपण वाचलंय तिथपर्यंतच बोलायचं, आणि ज्याने ते पुस्तक आधी वाचलंय त्याने तोंडात घास ठेवायचा. दशांशने एकदा डब्याचं झाकण काढता काढता एका रहस्यकथेतला खुनी सांगून टाकला होता. त्यानंतर आठवडाभर बाई त्याच्याशी फक्त वजनांबद्दल बोलल्या.

टिपणं काढायची तऱ्हा मात्र ज्याची त्याची. बाई गाळणकागदाच्या पट्ट्या कापून पानांत ठेवतात. पुस्तकावर त्या पेन्सिलही टेकवत नाहीत. दशांश तराजूला जोडलेल्या यंत्रातून निघणाऱ्या चिठोऱ्यांच्या पाठीवर लिहितो. त्या कागदावरचं अक्षर काही महिन्यांत उडून जातं, त्यामुळे त्याची मतं ताजी राहतात. मी थेट पुस्तकात लिहिते, शाईने.

शाईने लिहायची सवय प्रयोगशाळेने लावली. आमच्याकडे चुकीची नोंद खोडून काळी करायची नाही की पांढरा रंग लावून झाकायची नाही. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी दुरुस्ती, आद्याक्षरं, तारीख. मग दुसऱ्या माणसाने बघून आपली आद्याक्षरं करायची. हे वळण हाताला इतकं पडलंय की दूधवाल्यासाठी दाराला लावलेल्या चिठ्ठीवरही मी एकदा 'एक लिटर'वर रेघ मारून 'अर्धा' लिहिलं आणि खाली सही केली. या घरात कुणी साहेब राहायला आलेत का, असं त्याने आईला विचारलं.

आता बाईंच्या पुस्तकाचं सांगते. ती एक जुनी कादंबरी होती, खाकी कागदाचं कव्हर घातलेली. एका सोनं पारखणाऱ्या माणसाची आणि त्याच्या भागीदाराची गोष्ट. बाई कॉलेजात असल्यापासून तिचा लेखक हा त्यांचा लेखक. इतर लेखकांबद्दल त्या मोकळेपणाने बोलत, या लेखकाबद्दल मात्र बोलत नसत, इतका तो त्यांचा होता. तो फार म्हातारा झाला होता आणि कुठे येत-जात नसे. मग ग्रंथालयाच्या दारावर कागद लागला, की येत्या शनिवारी तो वाचकांना भेटणार आहे. बाईंना त्याच्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. पहिल्या पानावर सही, आणि एका प्रश्नाचं उत्तर. तो प्रश्न त्या कॉलेजपासून सांभाळून होत्या. कोणता ते मात्र त्यांना आम्हाला सांगता येत नव्हतं, कारण ती कादंबरी आम्ही वाचलेली नव्हती.

"सही झाली की हे कपाटातून बाहेर निघणार नाही," बाई मला म्हणाल्या. "वाचायचं तर आत्ताच वाच."

मी वाचायला घेतलं. गोष्टीत पारखी आणि भागीदार मिळून दुकान चालवतात. सोनं वितळवून शुद्ध करायचं काम दोघांचं, तोलायचं पारख्याचं. दर वेळी सोनं किंचित कमी भरतं. पारख्याच्या मनात संशय घर करत जातो. आणि मग एका पानावर हे येतं: 'मूस अजून लाल होती. पारख्याला धीर नव्हता. त्याने ती तशीच पारड्यात ठेवली, आणि सोनं पुन्हा कमी भरलं.'

माझ्या मुशी तेव्हा गार होत होत्या. मी पेन काढलं, 'तशीच' या शब्दावर एक सरळ रेघ मारली, वर 'गार करून' असं लिहिलं, आद्याक्षरं केली आणि उघडं पान घेऊन तराजूच्या खोलीत गेले. दशांशने ते वाक्य वाचलं, बरोबर आहे म्हणाला आणि आपली आद्याक्षरं केली. मग त्याने विचारलं, हे कुठल्या नमुन्याचं? तेव्हा मी पुस्तक मिटून कव्हर बघितलं. त्यानेही बघितलं. आपली आद्याक्षरं तशी लहानच आहेत, असं तो म्हणाला.

घरी आईला दाखवलं. आई कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचते, म्हणजे मग पुढचं निवांत वाचता येतं, त्यामुळे तिचा सल्ला नेहमी शेवटाकडून सुरू होतो. तिने बाईंसाठी काय भेट न्यावी इथून सुरुवात केली आणि दुसरी प्रत मिळते का बघ इथे येऊन थांबली. मी जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, ही कादंबरी छापून युगं झाली, ज्यांच्याकडे आहे ते विकत नाहीत, आणि गेल्या वर्षी तर खुद्द लेखकानेच माणूस पाठवून चौकशी केली होती. त्या रात्री मी कादंबरी संपवली. पारखी भर बाजारात भागीदाराला चोर म्हणतो. भागीदार एक शब्द न बोलता गाव सोडतो. पारखी त्यानंतर तराजूला हात लावत नाही. एवढंच. त्या लाल मुशीबद्दल पुढे कुठेच काही नाही.

सकाळी मी पुस्तक बाईंच्या टेबलावर त्या पानावर उघडून ठेवलं आणि झालं ते सांगितलं. काम बिघडलं तर त्याच दिवशी कळवायचं असा आमचा नियम आहे, आणि मला एक दिवस उशीरच झाला होता. बाईंनी चष्मा लावला. रेघेवरून, मग दोन्ही आद्याक्षरांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडतील किंवा मला हाकलून देतील. दोन्हींची मी मनाशी तयारी केली होती.

"तारीख राहिलीय," बाई म्हणाल्या.

त्यांनी पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. दुपारी त्यांनी 'कुठवर?' विचारलं नाही. दशांशने डब्यातलं लोणचं माझ्यापुढे सरकवलं. सहआरोपी म्हणून तो त्याहून जास्त काही करू शकत नव्हता. उठताना बाई मला म्हणाल्या, शनिवारी तू बरोबर चल. लेखकाने विचारलं तर उत्तर तुलाच द्यायचंय.

शनिवारी आम्ही ग्रंथालयाकडे चालत निघालो. मी कादंबरी संपवली असल्यामुळे आता नियमाची आडकाठी नव्हती. बाई एकाच लयीत बोलत होत्या, जसं त्या नव्या माणसाला भट्टी कशी लावायची ते समजावतात. कादंबरी त्यांनी पहिल्यांदा वाचली तेव्हा भागीदार त्यांनाही चोर वाटला होता. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकदा घाईत त्यांनी मूस गरमच तोलली आणि सरांनी वर्गासमोर झापलं, गरम वस्तू हलकी भरते एवढंही कळत नाही का. सगळा वर्ग हसला. बाई मात्र तास अर्ध्यावर टाकून वसतिगृहावर पळाल्या आणि ते पान काढलं. सोनं चोरीला गेलंच नव्हतं. पारखी दर वेळी गरम तोलत होता.

"एका शब्दात लपवून ठेवलंय त्यांनी," बाई म्हणाल्या. "तशीच. नेमका तोच शब्द तू खोडलास."

कॉलेजातल्या त्या दिवसापर्यंत बाई इतिहास घ्यायच्या विचारात होत्या. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की ज्या विषयामुळे एका माणसावरचा चोरीचा आळ पुसला जातो तो विषय शिकायचा. आता राहिला एकच प्रश्न: गरम मूस हलकी भरते हे पारख्याला माहीत होतं का? माहीत असेल तर त्याने भागीदाराला जाणूनबुजून घालवलं. नसेल तर तो फक्त अधीर माणूस होता. बाई कधी हे मानत, कधी ते. लेखकाला तर माहीत असणारच.

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात टेबलं भिंतीला लावून रांग केली होती. लेखक खिडकीशी बसला होता. अंगात स्वेटर, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. रांग सांभाळणारी कार्यकर्ती प्रत्येकाला सांगत होती, सही घ्या आणि पुढे व्हा, त्यांना फार बोलायला लावू नका. आमची पाळी आली तेव्हा बाईंनी पहिलं पान न उघडता ते पान उघडून पुढे ठेवलं. लेखकाने भिंग धरून ती रेघ बघितली, मग माझी आद्याक्षरं, मग दशांशची, आणि हे कुणी केलं, असं विचारलं.

मी सांगितलं, मी. गरम मूस तोलली तर वजन कमी भरतं, म्हणून सवयीने दुरुस्ती झाली. ती वाक्यातली युक्ती आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

"कमी भरतं?" लेखक म्हणाला. "का बरं?"

मी हवा, पारडं वगैरे सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. एकदा त्याने स्वतःचा तळवा थर्मासच्या उघड्या तोंडावर धरून बघितला. बाई माझ्या शेजारी अगदी स्थिर उभ्या होत्या.

"तुम्हाला हे माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या.

"नाही हो. मला ती लाल मूस दिसायला चांगली वाटली." त्याने पान परत स्वतःकडे ओढलं आणि ते वाक्य ओठांतल्या ओठांत वाचलं. "म्हणजे भागीदाराने काही चोरलंच नाही?"

"नाही."

"मी तर त्याला चोर समजूनच लिहिलं."

कार्यकर्ती म्हणाली, पुढे व्हा. कुणीच पुढे झालं नाही. रांगेत मागे उभ्या असलेल्या एकीने हातातली पिशवी खाली ठेवली आणि मान पुढे काढली. लेखक खिडकीतून बाहेर बघत होता. इतकी वर्षं आपल्याच घरात राहणाऱ्या माणसावर उगाच आळ घेतल्यावर दिसेल तसा त्याचा चेहरा दिसत होता. मग त्याने वळून विचारलं, "आणि पारखी? त्याला माहीत होतं का, की गरम मूस हलकी भरते?"

"तेच विचारायला आले होते," बाई म्हणाल्या.

लेखकाने हात उघडे करून दाखवले. त्यांत काही नव्हतं. मला वाटलं, संपलं. एका शब्दाच्या भरवशावर बाई भट्टीशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि तो शब्द नुसता रंगासाठी होता. पण बाई हिशेब मांडताना दिसतात तशा दिसत होत्या. ओठ किंचित हलत होते.

"ज्याने त्याला घडवलं त्यालाच माहीत नव्हतं," त्या सावकाश म्हणाल्या, "मग त्याला कुठून असणार? नव्हतं माहीत. फक्त धीर नव्हता."

लेखकाने मान डोलावली. मग त्याने पेन उचललं आणि मुलीने केलंय तेच बरोबर, आपण 'गार करून' असंच ठेवू, असं म्हणून माझ्या दुरुस्तीखाली सही करायला वाकला. बाईंनी पानावर तळहात ठेवला.

"नाही. गार करून तोलली तर वजन बरोबर भरेल आणि भागीदार कुठे जाणारच नाही. तुमचं वाक्य बरोबर आहे. तुम्हाला ते का बरोबर आहे हे माहीत नव्हतं, एवढंच."

आणि मग, ज्या बाई पुस्तकाला पेन्सिलही टेकवत नाहीत, त्यांनी पर्समधून पेन काढलं. माझ्या 'गार करून'वर एक सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं: मूळ मजकूर कायम. आद्याक्षरं केली. तारीख घातली. मग पुस्तक लेखकाकडे वळवलं आणि रेघेच्या टोकाशी बोट ठेवलं.

"दुसऱ्या माणसाने इथे करायची असते."

त्याने तिथे आद्याक्षरं केली. पूर्ण सही हवी का, असं त्याने विचारलं, पहिल्या पानावर. बाई म्हणाल्या, नको, एका नोंदीला एकच पुरे. परतताना त्या माझ्याशी भट्टीच्या दुरुस्तीबद्दल बोलल्या आणि दोनदा वाट चुकल्या.

सोमवारी डबे उघडले आणि बाईंनी विचारलं, "कुठवर?"

खाकी कव्हरचं पुस्तक आता दशांशकडे होतं. कपाटात जाण्याआधी त्याचंही वाचून होऊ दे, असं बाईंनी परस्पर ठरवलं होतं. त्याला शनिवारी काय झालं ते हवं होतं, पण तो अजून अर्ध्यावरही नव्हता, त्यामुळे आम्हाला काही सांगता येईना. आपण सही केलेल्या त्या पानावर इतकी खाडाखोड का झाली, हेही त्याला आत्ता कळणं शक्य नव्हतं. त्याने चपातीचा तुकडा मोडला आणि विचार करून सांगितलं, "मला तर तो भागीदार चोर वाटतोय."

बाईंनी आणि मी तोंडात घास ठेवला.